ओसेतियन लोक आणि त्यांच्या चालीरीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसेतिया हे नाव आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर बातम्यांतूनच पडलेलं असतं, आणि त्या बातम्या क्वचितच सुखाच्या असतात. पण कॉकेशसच्या डोंगरांतला हा छोटा समाज जेवायला कसा बसतो, देवाला हाक कशी मारतो, सुनेला घरात कशी घेतो, हे समजून घेतलं की जीव गुंततो. व्लादिकावकाझला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि लोककथांची आवड असलेली मंडळी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ओसेतियन म्हणजे नेमके कोण? राहतात कुठे?

कॉकेशस पर्वताच्या मधल्या भागात, दोन्ही उतारांवर त्यांची वस्ती आहे. उत्तरेकडचा भाग म्हणजे रशियातलं उत्तर ओसेतिया–अलानिया प्रजासत्ताक, राजधानी व्लादिकावकाझ. दक्षिणेकडचा भाग म्हणजे दक्षिण ओसेतिया, मुख्य शहर त्स्खिनवाली. २००८ च्या रशिया–जॉर्जिया युद्धानंतर रशियाने दक्षिण ओसेतियाला देश म्हणून मान्यता दिली, पण भारतासह जगातले बहुतेक देश तो जॉर्जियाचाच भाग मानतात. २०१० च्या जनगणनेत रशियात सुमारे ५ लाख २८ हजार ओसेतियन नोंदले गेले. तुर्कस्तानातही काही घरं आहेत. एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्या मुस्लिम ओसेतियनांचे हे वंशज.

ते स्वतःला अलानांचे वारस मानतात. अलान म्हणजे सिथियन आणि सार्मेशियन या घोडेस्वार टोळ्यांच्या परंपरेतले लोक. मध्ययुगात त्यांचं मोठं राज्य होतं. तेराव्या शतकात मंगोलांनी ते मोडलं, चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरने उरलंसुरलं उद्ध्वस्त केलं. जे वाचले ते उंच दऱ्यांत शिरले आणि पुढची कित्येक शतकं तिथेच राहिले. त्यांच्या चालीरीती इतक्या जुन्या का राहिल्या, याचं निम्मं उत्तर या दऱ्यांत आहे.

त्यांची भाषा आपल्या नात्यातली आहे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे. ओसेतियन ही इराणी शाखेची भाषा. इराणी आणि आपल्या भारतीय आर्य भाषा एकाच घराच्या दोन ओळी, त्यामुळे हे दूरचं पण रक्ताचं नातं आहे. भोवतालच्या जॉर्जियन, चेचेन, काबार्दियन या भाषांशी मात्र तिचं असं कुळाचं नातं नाही.

आकडेच बघा. तीनला ‘अर्त’, पाचला ‘फोंज’, सातला ‘आव्द’, आठला ‘आस्त’, दहाला ‘दस’. संस्कृतातले त्रि, पंच, सप्त, अष्ट, दश समोर ठेवले की चेहरेपट्टी जुळते. नऊ तेवढा वेगळा : ‘फारास्त’, म्हणजे ‘आठाच्या पलीकडचा’. दाराला ‘दुआर’, नावाला ‘नोम’, आईला ‘माद’, बापाला ‘फिद’. जुन्या पद्धतीत ते विसांनी मोजतात. वीस म्हणजे ‘स्सज’ (आपल्या विंशतीचा भाऊ) आणि साठ म्हणजे ‘तीन विसा’. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायका अंडी किंवा आंबे मोजायच्या तसंच. पाण्याला आणि नदीला शब्द ‘दोन’. आर्दोन, फियागदोन, गिझेलदोन या त्यांच्या नद्या. रशियातल्या प्रसिद्ध ‘दोन’ (डॉन) नदीचं नावही याच घराण्यातलं.

या भाषेच्या दोन मुख्य बोली आहेत, इरोन आणि दिगोर. अलानांचा एक गट तेराव्या शतकात हंगेरीत जाऊन वसला. त्यांच्या बोलीतल्या शब्दांची एक लहानशी यादी १४२२ सालच्या कागदावर मिळाली. त्यात नमस्कारासाठी जे शब्द आहेत, त्याच शब्दांनी आजही व्लादिकावकाझमध्ये माणसं एकमेकांना भेटतात : ‘द बोन खोर्झ’, तुझा दिवस चांगला जावो. मधली सहाशे वर्षं आणि तो सगळा मुलूख डोळ्यांपुढे आणला की या तीन शब्दांनी मला दर वेळी भरून येतं.

‘अघ्दाव’ हा शब्द सारखा येतो. त्याचा अर्थ काय?

हा एक शब्द नीट कळला की बाकीचं सोपं होतं. अघ्दाव म्हणजे रीत, वळण, मर्यादा, आणि त्या मर्यादेत वागणाऱ्या माणसाची पत. एखाद्याला ‘त्याला अघ्दाव नाही’ म्हणणं ही फार मोठी नालस्ती.

तो दिसतो लहान गोष्टींत. वडीलधारं माणूस खोलीत आलं की सगळे उठतात, मग येणारा ओळखीचा असो वा परका. थोरांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालत नाहीत. जुन्या घरात तर बाप आपल्या बापासमोर स्वतःच्या मुलाला कडेवर घेत नसे, बायकोला नावाने हाक मारत नसे. आजच्या तरुण घरांत हे बरंच सैल झालं आहे. आपल्या आज्यांच्या काळातली एकत्र कुटुंबं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

अघ्दावच्या शेजारी दोन शब्द हमखास येतात. एक ‘फर्न’ : घरावर असलेली कृपा, शांती, भरभराट. दुसरा ‘अफ्सार्म’ : लाज, भीड, आतली मर्यादा. फारसीतून मराठीत आलेली आपली ‘शरम’ आणि हा ‘अफ्सार्म’ एकाच जुन्या इराणी शब्दाची लेकरं आहेत.

तीन ‘चिरी’ म्हणजे काय? प्रत्येक प्रार्थनेत त्या का लागतात?

चिरी म्हणजे सारण भरून भाजलेली गोल, जाडसर रोटी. सारणाप्रमाणे नाव बदलतं. चीजची ती ‘वलिबख’, मांसाची ‘फिदजिन’, बटाटा–चीजची ‘कार्तोफजिन’, बीटच्या पानांची ‘त्साखाराजिन’, भोपळ्याची ‘नासजिन’. प्रार्थनेच्या ताटात मान वलिबखला.

करण्याची पद्धत आपल्या पुरणपोळीच्या जवळची. मऊ पीठ मळून ठेवायचं, ताजं चीज हाताने कुस्करायचं, त्याचा गोळा पिठाच्या वाटीत ठेवून कडा वर ओढून उंडा बंद करायचा. पुढे मात्र लाटणं घेत नाहीत. तळहाताने दाबत, फिरवत, उंडा ताटाएवढा पसरवतात. मध्यभागी बोटाने एक भोक पाडतात, वाफ जायला. नाहीतर भट्टीत चिरी फुगून फाटते. भाजून निघाली की वरून तूप किंवा लोणी, आणि एकीवर एक अशी रास. पीठ जितकं पातळ आणि सारण जितकं भरघोस, तितका बाईच्या हाताचा लौकिक मोठा. पिठाची जाडी बघून सासवा काय बोलत असतील, ते मराठी घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

तीनच का? सर्वांत जास्त सांगितला जाणारा अर्थ असा : एक देवासाठी, म्हणजे ‘खुत्साव’साठी, एक सूर्यासाठी, म्हणजे ‘खूर’साठी, आणि एक धरतीसाठी. प्रार्थनेच्या वेळी वरच्या चिऱ्या किंचित सरकवून ठेवतात, म्हणजे तिन्हींच्या कडा वरून दिसाव्यात. देवाला मोजता आल्या पाहिजेत. मग घरातला किंवा पंगतीतला सर्वांत मोठा पुरुष टोपी काढून उभा राहतो, हातात पेयाचा प्याला घेतो आणि ओसेतियन भाषेत मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे एका सुरात म्हणतात, ‘ओम्मेन, खुत्साव’. मागणं संपलं की सर्वांत धाकटा त्या चिरीचा घास आणि त्या प्याल्यातला घोट घेतो, तेव्हा जेवण सुरू होतं. थोराने मागायचं आणि धाकट्याने पहिलं चाखायचं. मला या रीतीतली ही जोडी सगळ्यांत सुंदर वाटते.

दोनच चिऱ्या दिसल्या तर?

तर ते घर दुःखात आहे असं समजा. मयताच्या जेवणात चिऱ्या दोन असतात. सूर्याची उचललेली असते, कारण गेलेल्या माणसाला आता सूर्य नाही. म्हणून एरवीच्या जेवणातही कुणाला दोन चिऱ्या वाढत नाहीत.

पंगत कशी बसते? पाहुण्याने काय सांभाळावं?

सणाच्या किंवा नवसाच्या जेवणाला ‘कुव्द’ म्हणतात. या शब्दातच प्रार्थना आहे. लांब टेबलाच्या टोकाला ‘खिस्तर’, म्हणजे ज्येष्ठ. त्याच्या शेजारी दुसरा आणि तिसरा ज्येष्ठ, आणि मग वयाच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. जुन्या रीतीत बायकांची पंगत वेगळी. तरुण मुलं, ‘कस्तर’, बसत नाहीत. ती उभी राहून वाढतात, प्याले भरतात, खिस्तरच्या डोळ्याकडे लक्ष ठेवतात. बैल किंवा मेंढा कापलेला असेल तर शिजवलेलं डोकं खिस्तरच्या पुढ्यात. डुकराचं मांस आणि कोंबडी प्रार्थनेच्या ताटात चालत नाही.

पेयाचे प्याले क्रमाने उचलले जातात. पहिला थोरल्या देवाच्या नावाने, दुसरा पुरुषांचा आणि प्रवाशांचा रक्षक देव वास्तिर्जी याच्या नावाने. पुढचा क्रम गावागावाने आणि निमित्ताप्रमाणे बदलतो. शेवटाकडे घराच्या ‘बर्कद’साठी प्याला असतो. हा शब्द अरबीतून त्यांच्याकडे गेला आणि आपल्याकडे ‘बरकत’ होऊन आला. मान द्यायचा असेल तर ज्येष्ठ भरलेला प्याला एखाद्याच्या हाती देतात, त्याला ‘नुआझन’ म्हणतात. तो उभं राहून, दोन शब्द आभाराचे बोलून घ्यायचा. दारू न पिणाऱ्याने प्याला अदबीने ओठांना लावून परत दिला तरी मान राखला जातो. ताडकन नकार देऊन प्याला खाली ठेवू नये. न विचारता उठून जाऊ नये आणि खिस्तरच्या आधी प्याला उचलू नये. एवढं सांभाळलंत तर कुणी परकं म्हणणार नाही.

पाहुण्याला ‘वाझग’ म्हणतात, आणि त्यांची म्हण आहे : पाहुणा हा देवाचा पाहुणा.

त्यांच्या बियरचं एवढं कौतुक का?

कारण ती सणाची वस्तू आहे. ‘बगनी’ ही गडद, दाट बियर सातूच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आणि हॉप्स नावाच्या वेलीच्या फळांची. मोठ्या तांब्याच्या हंड्यात ती शिजते, आणि गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातचं. लाकडी कोरीव, कानवाल्या भांड्यांतून ती हातोहात फिरते. ती कशी सापडली याची कथाही एका बाईच्या डोळसपणाची आहे. एका पाखराने हॉप्सचं फळ टोचलं, मग मोड आलेल्या धान्याचा दाणा खाल्ला आणि झिंगून खाली पडलं. त्यांच्या प्राचीन कथांतल्या नार्त वीरांची माय सताना हिने ते पाहिलं आणि दोन्ही जिन्नस एकत्र शिजवले.

ते ख्रिस्ती आहेत, मुस्लिम आहेत, की आणखी काही?

बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, काही सुन्नी मुस्लिम (विशेषतः दिगोर भागात), आणि आपण फक्त पूर्वजांचाच धर्म पाळतो असं म्हणणारेही आहेत. पण एकाच घराण्यात हे सगळे सापडतात, आणि तीन चिऱ्यांपुढे सगळे सारखेच टोपी काढून उभे राहतात.

घडलं असं की दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अलानांनी बायझंटाइनांकडून ख्रिस्ती धर्म घेतला. मंगोलांनंतर पाद्री उरले नाहीत, दऱ्या बंद झाल्या, आणि संतांची नावं जुन्या देवांच्या अंगात मुरली. संत जॉर्जचा वास्तिर्जी झाला, प्रवाशांचा आणि पुरुषांचा रक्षक. एलिजाचा वात्सिल्ला झाला, विजेचा आणि पिकाचा देव. पाण्याचा दोनबेत्तिर, लांडग्यांचा तुतिर, शिकारीच्या जनावरांचा अफ्साती, मेलेल्यांचा राजा बारास्तिर, आभाळातला लोहार कुर्दालगोन. सगळ्यांच्या वर एकच खुत्साव. वीज पडून मेलेल्याला वात्सिल्लाने निवडलं असं मानून त्याच्याभोवती रडण्याऐवजी ‘त्सोप्पाय’ म्हणत फेर धरायचे. देवीच्या रोगाचाही एक देव होता, अलार्दी. त्याला दुखवायचं नाही, गोड बोलून परत पाठवायचं. आपल्याकडेही त्या रोगाला ‘देवी’ म्हणूनच हात जोडले जायचे.

बायका वास्तिर्जीचं नाव का घेत नाहीत?

तो पुरुषांचा देव म्हणून. बायका त्याला ‘लग्ती झुआर’, पुरुषांचा देव, एवढंच म्हणतात. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाण्याची वाट काढली गेली, तशीच ही वाट. यात केवळ दुरावा आहे असं मला वाटत नाही. अतिशय जवळच्याचं नाव जपून वापरण्याची ती एक तऱ्हा आहे. तरी आजच्या मुली त्यावर प्रश्न विचारतात, आणि विचारावेत.

त्याचा सण नोव्हेंबरात, ‘जिओर्गुइबा’. आठवडाभर घरोघर कुव्द चालतात.

खेतागची देवराई म्हणजे काय?

व्लादिकावकाझहून आलागिरला जाताना सपाट शेतांच्या मधोमध एक गर्द, गोलसर झाडी लागते. चोहीकडे मोकळं रान आणि मध्येच हे जंगल. कथा अशी की खेताग नावाच्या राजपुत्राने ख्रिस्ती धर्म घेतला म्हणून वैरी त्याच्या मागे लागले. धावता धावता डोंगरातून आवाज आला, ‘खेताग, रानात ये!’ तो म्हणाला, ‘खेताग आता रानापर्यंत पोचायचा नाही, रानच खेतागकडे येऊ दे.’ आणि डोंगरउतारावरचं रान निघून त्याच्याभोवती येऊन उभं राहिलं.

आजही त्या राईतलं काही बाहेर न्यायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. आपल्या कोकणात, मावळात देवराईतली काडी सरपणाला आणत नाहीत, तोच नियम. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठी गर्दी असते. माणसं तीन चिऱ्या, मांस आणि बगनी घेऊन येतात.

रेकोमचं देऊळ आणि बात्राझचे अश्रू यांचा संबंध काय?

त्सेय दरीत बर्फाच्या शिखरांखाली रेकोम नावाचं लाकडी देवस्थान आहे, वास्तिर्जीचं. बायका आत जात नाहीत. लोक सांगतात, नार्त वीर बात्राझ मेला तेव्हा देवाला तीन अश्रू आले, आणि ते जिथे पडले तिथे तीन देवस्थानं उभी राहिली. रेकोम त्यातलं एक.

नार्त कथा म्हणजे त्यांचं महाभारतच का?

मापाने नाही, पण जागा तीच. नार्त हे प्राचीन वीरांचं कूळ. त्यांच्या कथा कॉकेशसमधल्या इतर समाजांतही आहेत, पण ओसेतियनांकडे त्या फार भरल्या अंगाने टिकल्या. नार्तांची तीन घराणी : पराक्रमाचं, संपत्तीचं आणि शहाणपणाचं. या तीन वाट्यांमुळेच फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांना या कथांत साऱ्या इंडो-युरोपीय समाजाचा जुना साचा दिसला.

सोस्लान दगडातून जन्मला. कुर्दालगोनने त्याला लांडगीच्या दुधात बुडवून पोलादी केला, पण डोण आखूड पडली आणि गुडघे बाहेर राहिले. शेवटी बाल्सगचं चाक त्या गुडघ्यांवरूनच गेलं. दुर्योधनाच्या मांडीची गोष्ट ऐकून वाढलेल्यांना शेवट आधीच कळतो. बात्राझ मरताना सांगतो, माझी तलवार समुद्रात टाका. नार्त उचलू शकत नाहीत आणि खोटंच सांगतात की टाकली. तो विचारतो, मग समुद्राला काय झालं? काहीच नाही, म्हणतात. तेव्हा त्याला कळतं. खरंच ओढत नेऊन टाकल्यावर समुद्र खवळून लाल होतो. इंग्लंडच्या आर्थर राजाच्या कथेत हाच प्रसंग जवळजवळ तसाच आहे, आणि त्यावरून विद्वानांत आजवर वाद चालू आहेत.

पण माझी सगळ्यांत आवडती गोष्ट सिर्दोनची. तो नार्तांतला कळलाव्या, कुणालाच नको असलेला. सूडापोटी त्याच्या मुलांना मारून कढईत शिजवलं जातं. घरी येऊन तो मांस काढू लागतो आणि त्याला आपल्याच मुलांचे हात सापडतात. तो थोरल्याच्या हाताच्या हाडावर इतरांच्या शिरा ताणून बारा तारांचं वाद्य करतो आणि वाजवत रडतो. ते घेऊन तो नार्तांच्या सभेत जातो. ऐकणारे म्हणतात, आम्ही सगळे मेलो तरी हे वाद्य राहील, आणि जो हे वाजवेल तो आमच्यातला. तेव्हा सिर्दोन त्यांच्यात बसतो. बारा तारांचा ‘फंदिर’ ओसेतियात आजही वाजतो, आणि त्याचा आवाज या गोष्टीनंतर वेगळाच ऐकू येतो.

नार्तांचा अंतही अंगावर येणारा. गर्वाने त्यांनी घरांची दारं उंच केली, देवापुढे वाकल्यासारखं दिसू नये म्हणून. देवाने विचारलं, दुबळी संतती हवी की समूळ नाश? ते म्हणाले, नाश, पण नाव राहू दे.

लग्नात काय काय असतं?

पहिली अट : एकाच आडनावात लग्न नाही. आडनावाचं कूळ, ‘मिग्गाग’, म्हणजे भावकीच. आपल्या सगोत्राच्या नियमापेक्षा हा आजही जास्त कडक पाळला जातो. पूर्वी ‘इराद’ नावाचं वधूमूल्य गुरांत द्यावं लागे, आणि ते जमवता जमवता गरीब मुलांची अर्धी जवानी जाई. ही रीत मोडली हे बरंच झालं.

जुन्या घराचा प्राण म्हणजे चुलीवर टांगलेली लोखंडी साखळी. तिचा देव साफा. मुलगी माहेरच्या चुलीभोवती फिरून त्या साखळीचा निरोप घेई आणि सासरी येऊन तिथल्या साखळीभोवती फिरे. घर सोडलं आणि घर जोडलं, याची साक्ष अग्नीची. कुणाच्या घरची ही साखळी बाहेर फेकणं म्हणजे साऱ्या घराण्याचा अपमान. आणि वैऱ्याने जरी आत येऊन ती धरली, तरी तो त्या घराच्या आसऱ्याला आला.

नववधूचा पोशाख बघण्यासारखा : मखमली लांब झगा, छातीवर चांदीच्या कड्यांच्या ओळी, सोन्याची कशिदाकारी, उंच टोपी आणि वरून चेहरा झाकणारी झिरझिरीत ओढणी. ती खाली मान घालून, न बोलता उभी असते. मग एक तरुण हातात निशाणाची काठी घेऊन येतो, तिच्या डोक्याभोवती ती फिरवतो आणि मोठ्याने म्हणतो : ‘फर्न, फर्न, फर्न! सात मुलगे आणि एक निळ्या डोळ्यांची मुलगी!’ आणि काठीने ओढणी अलगद उचलून घेतो. बायका पुढे सरतात. सून मध आणि तुपाचं भांडं हातात घेऊन आधी सासूला, मग इतर वडील बायकांना चमच्याने भरवते. सात मुलगे हा हिशेब ऐकून आपली ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ आठवते. दोन्हीकडच्या मुलींनी आता तो आशीर्वाद आपल्या सोयीने ऐकायला शिकून घेतलं आहे.

जुन्या रीतीत सून सासऱ्यासमोर कित्येक वर्षं बोलत नसे. ही रीत आता जवळजवळ संपली.

मृत्यूनंतरचे विधी कसे असतात?

गेलेल्या माणसाचं नाव घेताना म्हणतात, ‘रुख्साग उ’, तू उजेडात असो. पूर्वी मृताला घोडा अर्पण करत. घोडा सजवून थडग्यापाशी आणायचा, म्हाताऱ्याने त्या लांबच्या वाटेचं वर्णन म्हणायचं आणि घोडा थडग्याभोवती फिरवायचा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सिथियनांबद्दल जे लिहिलं, त्याची ही दूरची सावली.

‘खिस्त’ नावाची मृतांची जेवणं वर्षभर येत राहतात, आणि त्यांचा खर्च हा जुना दुखरा विषय आहे. इज्जतीपायी घरं कर्जात जायची. दिवसांच्या आणि तेराव्याच्या जेवणावळी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

दार्गाव्स गावाजवळच्या उतारावर जवळपास शंभर दगडी समाधीघरं आहेत, चढत्या छपरांची. सांगतात की साथीच्या काळात आजारी माणसं आपणहून तिथे जाऊन बसत, गावाला लागण नको म्हणून.

आणि उत्तर ओसेतियातलं बेसलान शहर. सप्टेंबर २००४ मध्ये तिथल्या शाळेत ओलीस धरलेल्यांपैकी तीनशेहून अधिक जीव गेले, निम्म्याहून जास्त मुलं. तीन दिवस त्यांना पाणी मिळालं नव्हतं. म्हणून आजही लोक त्या जळक्या व्यायामशाळेत फुलांबरोबर पाण्याच्या बाटल्या ठेवतात, आणि बाटल्यांची झाकणं उघडी असतात.

गावाचा कारभार आणि भांडणं कशी मिटत?

‘निखास’वर. गावाच्या मोकळ्या जागी दगडांची आसनं, तिथे पुरुष जमत, बोलत, निवाडा करत. आपला पार किंवा चावडी म्हणा. लात्स गावात एक जुना निखास आहे, लोक म्हणतात नार्तच तिथे बसायचे. खुनाचा बदला पिढ्यान्‌पिढ्या चाले, पण गाईंच्या मोजमापात भरपाई ठरवून आणि दोन्ही घरांनी एकत्र जेवून तो मिटवताही येई. भांडणाऱ्या पुरुषांमध्ये एखाद्या बाईने डोक्यावरचा रुमाल टाकला की हत्यारं खाली यायची.

‘झिउ’ म्हणजे आपली इर्जिकच का?

हो, अगदी. विधवेचं गवत कापायचं, जळालेलं घर पुन्हा बांधायचं, कापणी अडली असेल तर उरकायची. सगळं गाव एका दिवसात हात लावून करतं, आणि घरमालक जेवण घालतो.

नाचात पुरुष बाईला हात का लावत नाही?

‘खोंग काफ्त’ या जोडीच्या नाचात तोच तर जीव आहे. तो पायाच्या चवड्यांवर, ती लांब झग्यात तरंगल्यासारखी. दोघांत अंतर कायम, आणि तरी एकमेकांवरून लक्ष हटत नाही. ‘सिम्द’ हा समूहनाच, लांब रांगेचा, संथ आणि भारदस्त. हार्मोनिका बहुतेक वेळा बाई वाजवते.

कुस्तीत ओसेतियन एवढे पुढे कसे?

प्रत्येक गल्लीत तालीम, प्रत्येक घरात एक पैलवान. कोल्हापूरकरांना हे पटकन समजेल. सोस्लान आंदियेव यांनी १९७६ आणि १९८० मध्ये, माखारबेक खादार्त्सेव यांनी १९८८ आणि १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्तला हरवणारा बेसिक कुदुखोव ओसेतियनच. पुढच्याच वर्षी तो मोटार अपघातात गेला. नंतर त्याच्या रौप्यपदकावर प्रश्न उठला आणि ते योगेश्वरकडे येण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा योगेश्वरने म्हटलं की ते त्याच्या घरच्यांकडेच राहू द्यावं. ओसेतियन माणूस याला एका शब्दात अघ्दाव म्हणेल.

पैलवानांची नावंही नीट ऐका. सोस्लान, बात्राझ : नार्त अजून आखाड्यात आहेत.

कोस्ता खेतागुरोव कोण? त्यांचं नाव सगळीकडे का दिसतं?

ओसेतियन साहित्याचा पाया घालणारा कवी. १८५९ साली नार या डोंगरी गावात जन्म, १९०६ साली मृत्यू. चित्रकारही होते, आणि सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांना हद्दपार केलं गेलं. १८९९ साली त्यांचा ओसेतियन कवितासंग्रह ‘इरोन फंदिर’ निघाला, आणि १५ मे हा दिवस त्याच्यावरून ओसेतियन भाषेचा दिवस म्हणून पाळतात. लोक त्यांना आडनावाने नाही, ‘कोस्ता’ म्हणूनच ओळखतात, जसे आपल्याला ज्ञानोबा, तुकोबा.

भाषा टिकेल का?

युनेस्कोने तिला धोक्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं आहे. व्लादिकावकाझच्या रस्त्यावर रशियन जास्त ऐकू येते. वासो आबायेव (१९००–२००१) यांनी शंभर वर्षांच्या आयुष्यातला मोठा काळ देऊन या भाषेच्या प्रत्येक शब्दाची वंशावळ लिहिली, पण कोश म्हणजे बोलणारी पोरं नव्हेत. तरी एक जागा अजून पक्की आहे : तीन चिऱ्यांपुढचं मागणं ओसेतियनमध्येच म्हणायचं. म्हणून एरवी रशियनच बोलणारा तरुणही तेवढे शब्द आजोबांकडून पाठ करून घेतो. इंग्रजी शाळेतली आपली मुलं आरती मराठीतच म्हणतात, तशी.

मी शाकाहारी आहे. तिकडे खायला काय मिळेल?

काळजी नको. चीजची वलिबख, बटाट्याची, बीटच्या पानांची, भोपळ्याची चिरी सगळीकडे मिळते. फक्त आधी सांगा, कारण भोपळ्याच्या सारणात कधी कधी चरबी घालतात. चिरीचे आठ तुकडे करतात, आणि कापताना ताट फिरवत नाहीत, सुरी फिरवतात. तुकडा हाताने उचला, तूप ओघळेल तेव्हा खाली बशी धरा, आणि वाढणाऱ्याला म्हणा, ‘बुझ्निग’. म्हणजे आभार. दुसरा तुकडा मागण्याआधीच ताटात येईल.